'शेरबूरच्या छत्र्या' : दोष कोणाचा?

नोकरीनिमित्त घरापासून दूर, बेंगळुरूच्या मारतहळ्ळी परिसरात राहणाऱ्या मराठी तरुणांना विरह नवा नाही. याच विरहावर आधारलेल्या 'शेरबूरच्या छत्र्या' या फ्रेंच चित्रपटाबाबत प्रेक्षकांमध्ये आजही दोन मते आढळतात.

जॅक दमी दिग्दर्शित या चित्रपटाला १९६४ साली कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. मिशेल लग्रां यांच्या संगीतातील प्रत्येक संवाद येथे गायला जातो. मराठी संगीत नाटकात दोन पदांमध्ये गद्य येते. येथे तोही विसावा नाही. त्यामुळे काहींना प्रारंभी अवघडल्यासारखे होते. पार्श्वगायन मात्र आपल्या परिचयाचे आहे. नायिका कॅथरीन दनव हिच्यासाठी दानिएल लिकारी गायली आहे.

खरा वाद कथेवरून होतो. मोटार मेकॅनिक गी याला सक्तीच्या लष्करी सेवेसाठी दोन वर्षे अल्जीरियाच्या युद्धावर जावे लागते. इकडे गर्भवती जेनेव्हिएव्हला त्याची पत्रे क्वचितच मिळतात, आईचे छत्र्यांचे दुकान कर्जात बुडते आणि अखेर ती एका जवाहिऱ्याशी विवाह करते. काही प्रेक्षक तिला चंचल ठरवतात. इतरांना तिच्या निर्णयामागे कर्ज, आईचा आग्रह आणि लोकलज्जा दिसते.

दिग्दर्शकाने मात्र कोणालाही खलनायक केलेले नाही. अखेरीस हिमवर्षावात, गीच्या पेट्रोल पंपावर दोघांची गाठ पडते. मोटारीत बसलेल्या आपल्या मुलीला भेटण्यास गी नकार देतो. दोघांचेही संसार उभे आहेत. विरहात प्रेम हरले की माणसे सावरली, हे ठरवणे प्रेक्षकावरच सोपवलेले आहे.