समईच्या उजेडातला चेहरा

लक्ष्मीपूजनाच्या रात्री समईपाशी बसलेल्या आजीचा फोटो आपण हौसेने काढतो आणि चेहरा काळोखात राहिला, तर म्हणतो, "असू दे, मागाहून उजळून घेऊ!" पण वाचकहो, तो कितपत उजळेल, हे फोटो कोणत्या रूपात साठवला आहे यावर ठरते.

१९९२ साली प्रमाण ठरलेले 'जेपेग' सुटसुटीत खरे. पण त्यात लाल, हिरव्या, निळ्या रंगांच्या प्रत्येकी २५६च पायऱ्या राहतात आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारा तपशील गाळला जातो. 'रॉ' फाइलमध्ये कॅमेऱ्याची मूळ नोंद राहते. ती १४ बिटांची असेल, तर पायऱ्या १६,३८४!

मी मराठीचा मास्तर. मला हा फरक मूळ निबंध आणि त्याचा सारांश यांच्यातला वाटतो. सारांशात गाळलेले वाक्य, तो कितीही ताणला तरी, परत येत नाही. म्हणूनच जेपेगमधला काळोख फार उजळला, की चौकोनी डाग आणि पट्टे दिसू लागतात. रॉमधून मात्र आजीच्या सुरकुत्याही पुष्कळदा हाती लागतात.

तरीही ज्योतीचा जो भाग टिपतानाच पुरता पांढरा झाला, तो रॉलाही परत आणता येत नाही. तेव्हा ज्योत सांभाळा आणि फोटो रॉमध्ये घ्या. फाइल मोठी होईल, होऊ द्या. आजी काय, पुन्हा पुन्हा मिळते?