चारचक्षु राजसत्ता आणि कुशीलव : पॉल रोबसन यांवरील पाळतीचें दप्तर

राजा हा चारचक्षु असतो, म्हणजे हेर हेच त्याचे डोळे होत, ही कल्पना आमच्या नीतिशास्त्रांत जुनी आहे. कौटिल्यानें नट, नर्तक, गायक यांचा दोन ठिकाणीं केलेला विचार येथें ध्यानांत घेण्यासारखा आहे. गूढपुरुषांच्या प्रकरणांत हे लोक हेरगिरीस उपयुक्त म्हणून येतात. जनपदनिवेशाच्या प्रकरणांत त्यांनीं गांवकऱ्यांच्या कामांत विघ्न आणूं नये असें बजावलें आहे. तात्पर्य, ज्याच्या भोंवतीं लोक जमतात तो कलावंत सत्तेस हवाहि असतो आणि त्याचें तिला भयहि वाटतें. या भयाचें विसाव्या शतकांतील ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेंतील कृष्णवर्णीय गायक व नट पॉल रोबसन (१८९८–१९७६) हे होत.

रोबसन यांचे वडील गुलामगिरींतून पळून सुटलेले. पुत्रानें कायद्याची पदवी घेतली, परंतु कीर्ति मिळविली ती रंगभूमीवर. १९४३ सालीं न्यूयॉर्क येथें सुरू झालेल्या त्यांच्या ‘ऑथेल्लो’चे २९६ प्रयोग झाले. स्वजनांचे नागरिक हक्क, मजुरांचे लढे व वसाहतींचें स्वातंत्र्य यांचा ते उघड पुरस्कार करीत. सोव्हिएट रशियाविषयींची सहानुभूतीहि त्यांनीं कधीं लपविली नाहीं.

अमेरिकेच्या संघीय अन्वेषण खात्यानें १९४१ च्या सुमारास त्यांच्यावर पाळत सुरू केली. या कामाची पद्धति समजून घेतली पाहिजे. खबऱ्यांचे वृत्तांत, सभांतील भाषणांची टिपणें, वर्तमानपत्रांचीं कात्रणें व टेलिफोनवरील चोरून ऐकलेलीं संभाषणें एकत्र बांधलीं जात. एका कागदांतील संशय दुसऱ्यांत आधार म्हणून येई, आणि तिसऱ्यांत तोच सिद्ध गोष्टीसारखा दिसूं लागे.

१९४९ नंतर पाळतीस निर्बंधांची जोड मिळाली. त्या वर्षीं पॅरिसच्या शांतता परिषदेंतील त्यांच्या भाषणाचा विपर्यस्त वृत्तांत तारेनें पसरला. पुढें पीकस्किल येथील जलशास आलेल्या श्रोत्यांवर दगडफेक झाली. १९५० सालीं परराष्ट्र खात्यानें त्यांचें पारपत्र रद्द केलें. कॅनडास जाण्यास अमेरिकन नागरिकास पारपत्र लागत नसतांहि १९५२ त त्यांस सरहद्दीवर अडविलें. तेव्हां ते टेलिफोनवरून व्हँकुव्हरच्या खाणकामगारांपुढें गायले, आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत सरहद्दीलगत उभे राहून दोन्ही देशांच्या सहस्रावधि श्रोत्यांस त्यांनीं गाणीं ऐकविलीं. १९५६ त प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढें, आपण कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहां काय, या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं नाकारलें.

या प्रकरणाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९५८ सालीं रोबसन यांच्या साठाव्या वाढदिवसाच्या हिंदी समारंभसमितीशीं मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश महंमदअल्ली छगला यांचा संबंध होता, आणि पंतप्रधान नेहरूंचा त्यास पाठिंबा होता. तो टळावा म्हणून अमेरिकन वकिलातीनें खटपट केली, परंतु समारंभ झाला. त्याच वर्षीं १६ जून रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें केंट खटल्यांत पांच विरुद्ध चार मतांनीं असा निर्णय दिला कीं, मतें व संघटनासंबंध यांवरून पारपत्र नाकारण्याचा अधिकार कायदेमंडळानें परराष्ट्रमंत्र्यांस दिलेला नाहीं. त्यामुळें रोबसन यांस पारपत्र परत मिळालें. गेलेलीं आठ वर्षें मात्र परत मिळालीं नाहींत.

आज त्या दप्तराचीं सहस्रावधि पृष्ठें अभ्यासकांस खुलीं आहेत, आणि येथेंच संशोधकाची जबाबदारी सुरू होते. जासुदाच्या पत्रांत त्यानें पाहिलेलें, ऐकलेलें व तर्कानें ठरविलेलें अशा तीन गोष्टी मिसळलेल्या असतात, हें आम्हां जुन्या अखबारांच्या वाचकांस नवें नाहीं. रोबसन कोणत्या दिवशीं कोठें होते, हें ठरविण्यास हे कागद बहुमोल आहेत. त्यांच्या मनांत काय होतें, हें ठरविण्यास ते दुर्बळ साक्षीदार होत. पाळत ठेवणाराच्या मनांतील भय मात्र त्यांत पानोपानीं उमटलें आहे. हा भेद न राखतां दप्तर वाचल्यास, ज्या संशयास न्यायालयांत पुराव्याची कसोटी कधींच लागली नाहीं, त्यासच इतिहासाच्या नांवें निकालाची प्रतिष्ठा मिळेल, आणि हयातींत भोगलेला अन्याय त्या पुरुषास मरणोत्तर पुन्हां भोगावा लागेल.