पेढीपुरता शिक्का

अमळनेर असो की शिरपूर, सातबाऱ्यासाठी आता तलाठी कार्यालयात खेटे घालावे लागत नाहीत. महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपये भरले की डिजिटल सहीचा उतारा मिळतो. २०१८च्या महाराष्ट्र दिनापासून ही सोय आहे. पण तोच उतारा कॉम्प्युटरवर अ‍ॅडोबी रीडरमध्ये उघडला की सहीवर बऱ्याचदा पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं. मग सेतू केंद्रातला पोरगा सहीवर राइट क्लिक करतो, दोन-तीनदा ‘ओके’ दाबतो आणि प्रश्नचिन्हाच्या जागी हिरवी खूण येते. उतारा तोच, सहीही तीच. त्या कॉम्प्युटरला फक्त सांगितलं गेलं, की या सहीच्या मुळाशी जो आहे त्याच्यावर भरवसा ठेव.

मुळाशी आहे दिल्लीचं कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीज हे सरकारी कार्यालय. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला, त्यातून ते उभं राहिलं. त्याचं ‘रूट’ (साखळीचं मूळ) परवानाधारक संस्थांना प्रमाणपत्र देतं. त्या संस्था तलाठ्याला, वकिलाला, कंपनीच्या संचालकाला देतात. रूटला मात्र वरून कोणी प्रमाणपत्र देत नाही. ते स्वतःच्या प्रमाणपत्रावर स्वतःच सही करतं. साखळी कुठेतरी संपायलाच हवी, ती तिथे संपते. तेव्हा तंत्रापुरतं बोलायचं तर असं रूट जळगावच्या एमआयडीसीतली डाळमिलही तयार करू शकते.

तिला ते कशाला हवं? ऑफिसातल्या सर्व्हरवर हिशोबाचं सॉफ्टवेअर चालतं, वजनकाट्याच्या नोंदी तिथेच जातात, वरती कॅमेरे आहेत. ब्राउझरमध्ये सर्व्हरचा १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता टाकला की ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’ अशी लाल ताकीद येते. अशा आतल्या पत्त्यांना सार्वजनिक संस्था प्रमाणपत्र देत नाहीत. २०१५च्या नोव्हेंबरपासून त्यांच्या नियमांतच ते बसत नाही. मग कर्मचारी ताकीद डावलून पुढे जायला शिकतात, आणि तीच सवय बँकेच्या खोट्या साइटवरही कामी येते. खरा धोका हा आहे.

जळगावच्या सराफ बाजारात हॉलमार्क यायच्या आधी दागिन्यावर पेढीचा शिक्का असे. त्या पेढीला ओळखणाऱ्यांना तो पुरे. परगावच्या सोनाराला नव्हे. खाजगी सर्टिफिकेट अथॉरिटी म्हणजे हा पेढीचा शिक्का.

तो घडवणं अवघड नाही. ओपनएसएसएल फुकट मिळतं; त्याच्या आज्ञा पाठ नसतील तर ईझी-आरएसए किंवा स्टेप-सीए घ्या. नेटला कधीच न जोडलेल्या जुन्या लॅपटॉपवर रूटची किल्ली करायची, तिला भक्कम पासवर्ड लावायचा आणि दहा वर्षांचं प्रमाणपत्र काढायचं. या रूटनं एका मधल्या अथॉरिटीवर सही केली की रूटची किल्ली पेनड्राइव्हवर घ्यायची आणि तो पेनड्राइव्ह थेट तिजोरीत. रोजची कामं मधल्या किल्लीनं चालतात. ती चोरीला गेली तर रद्द करता येते. सर्व्हर आपली किल्ली आपणच तयार करतो आणि अथॉरिटीकडे पाठवतो तो फक्त अर्ज. अर्जातलं नाव ‘सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम’ या रकान्यात हवं, नाहीतर क्रोम २०१७पासून ते मानत नाही.

वेळ जातो तो रूट प्रत्येक यंत्रात बसवण्यात. विंडोजच्या डोमेनवर ग्रुप पॉलिसीनं एकदम होतं. फायरफॉक्सची यादी वेगळी, पण २०२३पासून तो विंडोजमध्ये टाकलेलं रूटही मानतो. आयफोनवर रूट टाकूनही सेटिंगमध्ये जाऊन त्याला वेगळी परवानगी द्यावी लागते, आणि अँड्रॉइड ७पासून बहुतेक अ‍ॅप्स आपण टाकलेल्या रूटकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

हे रूट यंत्रात गेलं की त्याची किल्ली हातात असलेला माणूस गूगलच्या किंवा स्टेट बँकेच्या नावानंही प्रमाणपत्र काढू शकतो, आणि ऑफिसातले सगळे ब्राउझर ते मुकाट्यानं मानतील. हा कल्पनेचा खेळ नव्हे. २ जुलै २०१४ रोजी गूगलला आपल्या डोमेनची अनधिकृत प्रमाणपत्रं सापडली. ती निघाली होती आपल्याच नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरच्या अथॉरिटीतून. दुसऱ्याच दिवशी कंट्रोलरनं त्या अथॉरिटीची मधली प्रमाणपत्रं रद्द केली. चौकशीअंती सांगण्यात आलं की चारच प्रमाणपत्रं चुकीची होती; गूगलला त्याहून जास्त माहीत होती. मग क्रोमनं भारताच्या रूटला जीओव्ही डॉट इन, एनआयसी डॉट इन अशा मोजक्या नावांपुरतं बांधून टाकलं.

ही दोरी आपण सुरुवातीलाच आपल्या गळ्यात बांधून घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. रूट तयार करतानाच ‘नेम कन्स्ट्रेंट’ घालता येतं: हे रूट फक्त आमच्या मिलच्या डोमेनपुरतं. मग ही अट पाळणाऱ्या ब्राउझरमध्ये किल्ली हरवली तरी बँकेचं नाव वापरता येत नाही. इंटरनेटवरचे बहुतेक धडे ही ओळ गाळतात.

किल्ली जपण्याबाबत आपला लौकिक तसा बेताचाच. करसल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये वीस अशिलांचे डिजिटल सहीचे डोंगल पडलेले असतात आणि प्रत्येकावर चिकटपट्टीनं पिन लिहिलेला असतो. त्या डोंगलच्या सहीला निदान कायद्याचं पाठबळ आहे. मिलच्या रूटनं केलेल्या सहीला ते नाही. कंट्रोलरचा परवाना नसल्यामुळे जीएसटीच्या पोर्टलवर ती चालणार नाही.

मिलसारखंच हे कॉलेजातही करता येतं, पण धुळ्यातल्या एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये हे सगळं बसवणारा मुलगा बहुधा वर्ष-दोन वर्षांत पुण्याला नोकरीला जातो. म्हणून पहिल्याच दिवशी एक वही घालावी: कोणतं प्रमाणपत्र कोणाला दिलं, कधी संपतं, कोणतं रद्द केलं. पेनड्राइव्ह एकाकडे, पासवर्ड बंद पाकिटात दुसऱ्याकडे. आणि रूटची मुदत संपण्याच्या वर्षभर आधीची तारीख प्राचार्यांच्या कॅलेंडरमध्ये.