रस्ता, करवत आणि पाकोळी

समजा, एका जुन्या महामार्गाचे वळण सोपे करायचे आहे. त्यासाठी कडेची पंधरा-वीस झाडे काढावी लागतील. काम लहानसेच. पण त्यांतल्या एखाद्या वठलेल्या झाडाच्या सुटलेल्या सालीखाली नष्टप्राय जातीच्या पाकोळ्या राहत असतील तर?

अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागात हा प्रश्न रस्ते बांधणाऱ्यांपुढे वारंवार येतो. तेथील १९७३ च्या कायद्याचे सातवे कलम सांगते, की केंद्र सरकारचा पैसा किंवा परवानगी असलेल्या कामामुळे संकटग्रस्त जातीचे अस्तित्व धोक्यात येता कामा नये. अपाय संभवत असेल तर वन्यजीव विभागाशी औपचारिक सल्लामसलत करावी लागते. नियमांत त्यासाठी ९० दिवस आणि लेखी अभिप्रायासाठी आणखी ४५ दिवस, म्हणजे एकूण १३५ दिवस धरलेले आहेत. अशी लहान कामे शेकडोंनी निघतात आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न नव्याने सोडवावा लागतो. अभियंते म्हणतात, तपासणी सोपी करा. निसर्गप्रेमींना शंका येते, की सोपी म्हणजे ढिली! खरे काय ते पाहण्यासाठी आधी पाकोळीची ओळख करून घेऊ.

पाकोळीचे वर्ष

‘इंडियाना’ नावाची ही पाकोळी जेमतेम पाच ते नऊ ग्रॅम वजनाची असते. तिचे शास्त्रीय नाव मायोटिस सोडॅलिस. ‘सोडॅलिस’ म्हणजे सोबती. हिवाळ्यात या पाकोळ्या थंड गुहांमध्ये एकमेकींना बिलगून, दाट थवे करून शीतनिद्रा घेतात. उन्हाळ्यात माद्या जंगलात येतात, सालीखाली एकत्र राहतात आणि जून-जुलैच्या सुमारास प्रत्येकी एकच पिल्लू वाढवतात. पिल्लाला पहिले काही आठवडे उडता येत नाही.

आता करवतीचा विचार करा. तेच झाड जूनमध्ये पाडले तर पिल्ले मरतील. जानेवारीत पाडले तर झाडावर पाकोळी नसतेच. ती दूर गुहेत झोपलेली असते. झाड तेच, करवत तीच; फक्त महिना बदलला.

एकदा विचार, अनेकदा उपयोग

हे ज्ञान एकदा हाती आले, की प्रत्येक कामासाठी ते पुन्हा शोधण्याची गरज उरत नाही. २०१६ मध्ये महामार्ग व रेल्वे यांच्या केंद्रीय प्रशासनांसाठी वन्यजीव विभागाने दोन जातींच्या पाकोळ्यांबाबत एक सामायिक अभिप्राय दिला. २०१८ मध्ये त्यात सुधारणा झाली. जीवशास्त्राच्या तासाला वनस्पती ओळखण्यासाठी आपण ‘हो-नाही’ प्रश्नांची किल्ली वापरतो, तशीच किल्ली येथे तयार करण्यात आली. झाडे सध्याच्या रस्त्यापासून १०० फुटांच्या आत आहेत का? तोड हिवाळ्यात होणार का? पाकोळ्यांच्या वस्तीची नोंद असलेली झाडे वगळली आहेत का? पुलाच्या सांध्यांत आणि फटींत पाकोळ्या आहेत का, हे पाहिले आहे का? उत्तरे अनुकूल असतील तर काम लवकर मार्गी लागते.

पण किल्लीला मर्यादा असते. शीतनिद्रेच्या गुहेपासून अर्ध्या मैलाच्या आतील कामे या सोयीतून वगळलेली होती. तेथे स्वतंत्र तपासणीच हवी. चांगल्या किल्लीला ‘येथे मी लागू नाही’ असे सांगता आले पाहिजे.

सामायिक विचाराचा आणखी एक फायदा आहे. प्रत्येक काम सुटे पाहिले तर ‘एवढ्याशा झाडांनी काय होते?’ असेच उत्तर येते. शेकडो कामे एकत्र मांडली, तरच नाहीशा होणाऱ्या जंगलाची बेरीज दिसते.

उत्तर शिळे होते तेव्हा

दुसऱ्या जातीची, म्हणजे उत्तरेकडील लांब कानांच्या पाकोळीची गोष्ट आपल्याला सावध करते. २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका गुहेत नाकावर पांढरी बुरशी असलेल्या पाकोळ्या आढळल्या. ही बुरशी थंडीत वाढते. तिच्यामुळे पाकोळ्या शीतनिद्रेतून वारंवार जाग्या होतात, साठवलेली चरबी संपते आणि वसंत येण्याआधीच उपासमार होते. कित्येक गुहांतील संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली.

२०१५ मध्ये या जातीला ‘धोक्यात’ हा सौम्य दर्जा मिळाला. मुख्य शत्रू रोग आहे, झाडतोड नव्हे, म्हणून २०१६ च्या एका खास नियमाने बहुतेक झाडतोडीला सूट दिली. ज्ञात गुहांचा परिसर आणि जून-जुलैत पिल्ले असलेली ज्ञात झाडे एवढीच जपायची होती. पण संख्या घटतच राहिली. २०२२ मध्ये दर्जा ‘नष्टप्राय’ असा वाढवण्याचा निर्णय झाला आणि मार्च २०२३ अखेर ती सूट संपली. रोगाने थोड्याच पाकोळ्या शिल्लक ठेवल्या, की त्यांतल्या प्रत्येकीचे झाड मोलाचे ठरते. पूर्वी ‘किरकोळ’ वाटलेली हानी आता किरकोळ राहत नाही.

तेव्हा तपासणी सोपी करणे म्हणजे ढिली करणे नव्हे. मात्र ती प्राण्याच्या माहितीवर उभी हवी आणि माहिती बदलताच बदलायला हवी. नियम कागदावर तसाच राहू शकतो, पाकोळ्या गुहेत तशाच राहतील असे नाही. म्हणून दर हिवाळ्यात गुहेत जाऊन मोजणी करणारा कार्यकर्ता हाही या रस्त्याचा एक अभियंताच आहे.

वर्गात करून पाहा : फळ्यावर बारा महिने लिहा. पाकोळी कोणत्या महिन्यात कोठे असते ते मुलांना भरू द्या आणि मग विचारा, करवत कधी चालवावी? पुढचा प्रश्न मुलांनाच सुचू द्या : गुहेजवळच्या झाडाचे काय?