फिजीच्या कुरणातला आगंतुक लव्हाळा

फिजीच्या ओलसर कुरणात गुरांनी तोंडही न लावलेला हिरवागार पट्टा दिसला, की बहुधा तो नवुआ सेज! आपल्या शेतातल्या लव्हाळ्याचा हा चुलतभाऊ. नाव फिजीतल्या नवुआवरून पडलं, मूळ मात्र आफ्रिकेतला. काडी बोटांत फिरवली की तीन कडा लागतात. टोकाला बोराएवढा हिरवा गोंडा, खाली चहूबाजूंना पसरलेली लांब पानं. दिसायला देखणा, पण गुराख्याच्या काय कामाचा? गुरं शेजारचं गवत फस्त करतात, याला सोडतात. मग रिकामी जागाही याचीच. वरून कापला तरी जमिनीतल्या आडव्या खोडातून पुन्हा फुटतो. बी चिखलाबरोबर टायरला, खुरांना चिकटून पुढे जातं. सामोआ, ताहिती, ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलँड, सगळीकडे पोचलाय. या भागांत भटकायला गेलात, तर परतताना बुटांचे तळ घासून धुवा.