शुक्रवारचे प्रभुभोजन
एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील डेन्मार्कमध्ये ख्रिस्ती नसणे हीच अवघड गोष्ट होती. बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने दीक्षा देऊन चर्चमध्ये प्रवेश, कायद्याने ठरलेला होता. दृढीकरण, म्हणजे जाणत्या वयात तीच दीक्षा चारचौघांत स्वतःची म्हणून स्वीकारण्याचा विधी, १७३६ पासून सक्तीचा होता आणि तो झाल्यावाचून लग्न होत नसे. प्रौढांनाच बाप्तिस्मा देणाऱ्या बाप्टिस्ट पंथीयांच्या तान्ह्या मुलांना १८४० च्या दशकात बळजबरीने दीक्षा देण्यात आली. १८४९ च्या राज्यघटनेने धर्मस्वातंत्र्य दिले, रूढी मात्र होती तिथेच राहिली.

जिथे सगळेच ख्रिस्ती, तिथे ख्रिस्ती व्हायचे कसे, हा सोरेन किर्केगार्द (१८१३–१८५५) या कोपनहेगनच्या तत्त्वचिंतकाचा प्रश्न होता. १८४६ च्या एका ग्रंथात त्याने असा गृहस्थ कल्पिला आहे, की ज्याला आपण खरोखर ख्रिस्ती आहोत का अशी शंका येते आणि ज्याची पत्नी त्याला डॅनिश असल्याचा दाखला देऊन गप्प करते. विनोद बोचरा आहे, पण किर्केगार्द नुसता टीकाकार नव्हता. त्याचे वडील रविवारी सकाळी मिन्स्टर या प्रतिष्ठित धर्मगुरूचे (पुढे बिशपचे) प्रवचन ऐकत आणि संध्याकाळी मोरेव्हियन या भक्तिप्रधान पंथाच्या साध्या सभेला जात; मुलाने यातून आपली वाट काढली. भाकर व द्राक्षारस घेऊन ख्रिस्ताच्या बलिदानाचे स्मरण करण्याचा विधी म्हणजे प्रभुभोजन. कोपनहेगनच्या प्रमुख चर्चमध्ये तो शुक्रवारीही होई आणि किर्केगार्द त्याला आवर्जून जाई, कारण रविवारी सगळे गावच चर्चला निघते, तर शुक्रवारी बाहेर बाजार चालू असताना आत येणाऱ्याला शिष्टाचाराने आणलेले नसते. तोरवाल्सेन या शिल्पकाराचा हात पसरलेला ख्रिस्त तिथे वेदीमागे उभा आहे, आणि ‘माझ्याकडे या’ हे त्याच्या पायाशी कोरलेले बोलावणे हाच किर्केगार्दच्या १८४७ मधील तिथल्या एका प्रवचनाचा विषय होता.

मिन्स्टरच्या मृत्यूनंतर मार्टेन्सेन या धर्मपंडिताने त्याला ‘सत्याचा साक्षीदार’, म्हणजे श्रद्धेपायी हालअपेष्टा सोसणारा, असे गौरवले, तेव्हा किर्केगार्दचा संयम सुटला आणि १८५५ मध्ये त्याने लोकांना देशाच्या अधिकृत चर्चच्या उपासनेपासून दूर राहण्याचेच आवाहन केले. त्याचा हा पवित्रा टोकाचा होता; रविवारच्या गर्दीतही एखादा शुक्रवारचा भाविक असू शकतो, हे त्या रागात निसटले. मृत्युशय्येवर त्याने धर्मगुरूच्या हातून प्रभुभोजन घेण्यास नकार दिला, पण अंत्यविधी कोपनहेगनच्या त्याच प्रमुख चर्चमध्ये झाला आणि दफनाच्या वेळी त्याच्या भाच्याने त्याविरुद्ध जाहीर निषेध केला, त्याबद्दल त्याला पुढे दंड झाला.