चिप स्वस्त, चाचणी महाग: भंगारातल्या ईसीयूवर धंदा करायचा असेल तर हे आधी वाचा



मागच्या व्हिडिओत आपण टेबलावर एक जुना ईसीयू उघडला आणि त्यात नवीन चिप बसवली. त्यानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच होता: "सर, एवढंच काम असेल तर मी पण चालू करू का? मार्जिन किती सुटतं?"

व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून आज सविस्तर लिहितोय. आधी काम समजून घेऊ, मग माझी एक चूक सांगतो आणि शेवटी हिशेब मांडू.

चिपमध्ये असतं काय?

ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. इंजिन किती आरपीएमवर फिरतंय, हवेचा दाब किती आहे, पाणी किती गरम आहे, हे तो सेन्सरकडून घेतो. त्यावरून मुख्यतः दोन गोष्टी ठरवतो: पेट्रोल किती सोडायचं आणि स्पार्क कधी द्यायचा. हे आकडे कंपनीने तक्त्यात भरून ठेवलेले असतात. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला इंजिनवरचा लोड. याच तक्त्याला ट्यूनिंगवाले 'मॅप' म्हणतात. चिप बदलणं म्हणजे हा तक्ता बदलणं.

जगभर या कामासाठी सगळ्यात प्रसिद्ध झालेला ईसीयू म्हणजे होंडाचा पी२८. अमेरिकेत १९९२ ते १९९५ च्या व्हीटेक सिव्हिकमध्ये तो यायचा. तिथल्या पोरांनी जंकयार्डातल्या गाड्यांमधून हे डबे काढले, त्यांत चिप बसवली आणि विकायला सुरुवात केली. पी२८ च का? कारण त्यात इमोबिलायझर नाही, त्यामुळे तो दुसऱ्या गाडीत चावीशी जुळवत बसावं लागत नाही. आणि बोर्डवर बाहेरच्या चिपसाठी जागा होंडाने आधीच सोडलेली आहे.

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२ सक्तीचं झालं. तरी कित्येक जण नंतरच्या होंडातसुद्धा वायरिंगचा कन्व्हर्टर लावून हाच जुना डबा वापरत राहिले. इतक्या जुन्या मालाला मागणी टिकते ती अशी.

काम कसं होतं?

मूळ प्रोग्रॅम प्रोसेसरच्या पोटातच असतो. तो खोडता येत नाही. म्हणून प्रोसेसरला सांगायचं, 'आतलं वाचू नको, बाहेरच्या चिपमधलं वाच'. त्यासाठी बोर्डवर एवढं सामान लागतं:

- २८ पायांचा सॉकेट, म्हणजे चिप पुढे कधीही काढता-घालता येते.
- ७४एचसी३७३ हा लॅच आयसी. प्रोसेसर त्याच आठ लाइन्सवर आधी पत्ता पाठवतो आणि नंतर माहिती वाचतो. तो पत्ता तेवढ्या वेळापुरता धरून ठेवायचं काम लॅच करतो.
- सी५१ आणि सी५२ या जागी ०.१ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, आर५४ ला १ किलोओहमचा रेझिस्टर.
- जे१ या जागी जंपर. हा जोडला की प्रोसेसर बाहेरची चिप वाचायला लागतो.

चिप म्हणून २७सी२५६ चालते, क्षमता ३२ किलोबाइट. ही खोडायला अल्ट्राव्हायोलेट दिवा लागतो. म्हणून बरेच जण विजेने खोडता येणारी २७एसएफ५१२ वापरतात. ती ६४ किलोबाइटची आहे आणि इथेच नवशिके अडकतात. या सॉकेटमध्ये चिपचा फक्त वरचा अर्धा भाग वाचला जातो. म्हणून फाइल ८००० या हेक्स पत्त्यापासून पुढे लिहावी लागते. शून्यापासून लिहिली, तर चिप चांगली असूनही ईसीयूला ती रिकामीच वाटते.

सोल्डरिंगमध्ये सगळ्यात धोक्याची पायरी म्हणजे भोकं मोकळी करणं. कारखान्यातून ती सोल्डरने भरलेली येतात आणि बोर्डवर पातळ कोटिंग असतं. घाईत जास्त उष्णता दिली की भोकाभोवतीची तांब्याची रिंग उचकटते आणि बोर्ड गेला. माझे पहिले दोन बोर्ड असेच गेले.

सगळं नीट झालं असेल तर चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा साधारण दोन सेकंद लागतो आणि विझतो, त्याच वेळी पेट्रोल पंपचा आवाज येतो. दिवा विझलाच नाही, तर चिप नीट वाचली जात नाहीये असं समजा.

माझी चूक

चार वर्षांपूर्वी इचलकरंजीहून एक पोरगा माझ्या दुकानात आला. जुन्या गाडीत होंडाचं व्हीटेक इंजिन बसवलेलं, गाडी फक्त ट्रॅकवर चालवायची. पी२८ त्याने भंगारातून मिळवला होता. मी सॉकेट बसवला, चिप घातली, दिवा विझला, गाडी चालू झाली. साडेतीन हजार घेतले आणि खूश होऊन फोटो पण टाकला.

दहा दिवसांनी त्याचा फोन आला, कोइम्बतूरच्या ट्रॅकवरून. दोन फेऱ्या बरोबर झाल्या, आणि ईसीयू गरम झाल्यावर गाडी बंद पडली ती पडलीच.

बोर्ड परत आल्यावर उघडला. माझं सोल्डरिंग शाबूत होतं. मूळचा एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळला होता आणि त्यातल्या द्रवाने शेजारची ट्रेस खाल्ली होती. इतक्या जुन्या ईसीयूत हे नेहमीचं आहे. मी त्याला समजावायला लागलो की चिपचा यात काही संबंध नाही. तो शांतपणे म्हणाला, "दादा, चूक कुठल्या पार्टची ते राहू दे. मी गाडी ट्रेलरवर घालून एवढ्या लांब नेली ती तुमच्या शब्दावर."

मी पैसे परत दिले आणि माझ्याकडचा दुसरा बोर्ड तयार करून दिला. बीबीएला कॉस्टिंग शिकलो होतो, पण विक्रीनंतरच्या जबाबदारीला पण किंमत असते हे त्या दिवशी कळलं. मी चिप बसवायचे पैसे घेतले होते. तो मात्र ट्रॅकवर बंद न पडणारा ईसीयू विकत घेत होता.

आता हिशेब

आकडे समजण्यापुरते धरू, तुमच्या गावात वेगळे असतील. नवीन माणूस असा हिशेब करतो: बोर्ड ४,००० रुपये, सामान ५०० रुपये, एकूण ४,५००. विकला ६,५०० ला. नफा २,०००. बरोबर?

चूक. नीट बघा:

- चार बोर्ड घेतले तर त्यातला एक तरी खराब निघतो असं धरा. १६,००० रुपयांत विकण्याजोगे तीनच. म्हणजे एक पडला ५,३३३ रुपयांना.
- सामान ५०० रुपये.
- सोल्डरिंग आणि कपॅसिटर बदलणं, चार तास. तासाला ३०० रुपये धरले तर १,२०० रुपये.
- चाचणी दोन तास, ६०० रुपये.
- वॉरंटीसाठी बाजूला ७०० रुपये.

बेरीज ८,३३३ रुपये. ६,५०० ला विकलात तर १,८३३ रुपये खिशातून गेले. महिनाभर हातात रोख खेळत राहते, म्हणून हा तोटा दिसत नाही. वर्षअखेरीला दिसतो.

चाचणी म्हणजे नेमकं काय?

माझ्या दुकानात आता चार गोष्टी झाल्याशिवाय बोर्ड बाहेर जात नाही. पहिलं, चिप बसवायच्या आधी मूळ ईसीयू चालतो का ते बघणं, कारण आजारी बोर्डवर ऑपरेशन करायचं नाही. दुसरं, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर न विचारता बदलणं. तिसरं, चिप लिहिल्यावर पुन्हा वाचून मूळ फाइलशी जुळवणं. चौथं, १२ व्होल्टवर बोर्ड गरम होईपर्यंत चालू ठेवणं आणि गरम असताना परत तपासणं.

आणि मॅपबद्दल एक स्पष्ट सांगतो. इंटरनेटवरून कुठलीही फाइल उतरवून 'पॉवर चिप' म्हणून विकू नका. फुल थ्रॉटलला पेट्रोल कमी पडलं आणि स्पार्क लवकर आला की इंजिन नॉक करतं आणि पिस्टन जातो. मॅप त्याच गाडीवर, वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावून जुळवावा लागतो. पेट्रोलसाठी हवा-इंधनाचं आदर्श प्रमाण १४.७ ला १, पण साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनला पूर्ण जोरात साधारण १२.५ ते १३ ठेवतात. हे मोजायची सोय नसेल तर फक्त हार्डवेअरचं काम घ्या आणि बिलावर तसं लिहा.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अमेरिकेतसुद्धा रस्त्यावरच्या गाडीच्या प्रदूषण यंत्रणेत फेरफार करणं बेकायदा आहे. म्हणून ट्यूनिंगचं काम फक्त ट्रॅकच्या गाड्यांचं घ्या आणि ग्राहकाकडून तसं लेखी घ्या.

जुना माल घेताना, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून घ्या नाहीतर गावातल्या भंगारवाल्याकडून, बिल घ्याच. चोरीच्या गाडीचा पार्ट तुमच्या टेबलावर सापडला तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

मग सुरुवात कुठून करायची?

आपल्याकडे ट्रॅकच्या गाड्या मोजक्याच. त्यावर दुकानाचं भाडं निघत नाही. पण हेच हात, हेच सोल्डरिंग स्टेशन आणि हाच प्रोग्रॅमर वापरून ईसीयू दुरुस्ती करता येते: गळलेले कपॅसिटर, तुटलेल्या ट्रेस, पाणी गेलेले बोर्ड. गाडी मूळ स्थितीत येते, त्यामुळे कायद्याची अडचण नाही, आणि गिऱ्हाईक गावातल्या प्रत्येक गॅरेजमध्ये आहे. माझ्या दुकानाचं पोट याच कामावर भरतं, ट्यूनिंग वरकड आहे.

या आठवड्याचा गृहपाठ: दोन मेलेले बोर्ड विकत घ्या आणि फक्त भोकं मोकळी करायचा सराव करा. विकायचं काही नाही. दहा भोकं एकही रिंग न उचकटता मोकळी झाली, की वरचा हिशेब तुमच्या आकड्यांनी वहीत लिहून काढा. नफा दिसला तर पुढचं पाऊल टाका. नाही दिसला, तर दोन मेलेल्या बोर्डांच्या पैशात मोठा तोटा वाचला असं समजा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत, गळका कपॅसिटर ओळखायला शिकू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि बिल घेतल्याशिवाय काही घेऊ नका!